तराजू कुणाच्या हातात?

मी गोदी कामगार. माल पाठीवर, लाट पायाशी. म्हणून बोलतो.

१९७४ साली एडिंबरोच्या स्टीफन सॉल्टरनं लाटेवर मान डोलवणारं बदक मांडलं. मान डोलली की वीज. स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगत २००० मेगावॉटचा बेत. १९८२ साली सरकारनं पैसा तोडला. म्हणे, महाग! हिशेब कुणी तपासला? हार्वेलच्या कचेरीनं, अणुऊर्जावाल्यांच्याच आवारात बसून. वा रे पंच! विहिरीचा निवाडा पाटलाच्या वाड्यावर!

पुऱ्या मापाचं बदक समुद्रात कधी उतरलंच नाही. उतरून हरलं असतं तर कबूल. पाण्यात न सोडताच बुडालं म्हणता?

दोस्तहो, हा डाव आपल्याला नवा नाही. 'परवडत नाही' म्हणणाऱ्याला आधी विचारा, तराजू कुणाचा?