पराभूतांचे पाठीराखे

विजयी संघाला पाठीराखे आपोआप लाभतात. पराभूत संघाजवळ कोण उरते, हा खरा प्रश्न. १९२८ नंतर प्रथमच, २००८ मध्ये, भारतीय हॉकी संघ ऑलिंपिकसाठी अपात्र ठरला. २०१२ मध्ये लंडनला सहाही सामने गमावून तो बाराव्या, म्हणजे अखेरच्या स्थानी राहिला. ‘आपली हॉकी संपली’ असे म्हणून पाठ फिरवणे तेव्हा सोपे होते. पुष्कळांनी ती फिरवलीही. परंतु लंडनच्या त्याच संघातील श्रीजेश आणि मनप्रीतसिंग हे २०२१ मध्ये टोकियोत ऑस्ट्रेलियाकडून १-७ अशी हार सोसून, पुढे जर्मनीला ५-४ असे नमवून, ४१ वर्षांनी पदक आणणाऱ्या संघातही होते. पराभवाच्या काळातच हे खेळाडू घडत होते!

अर्थात, निष्ठा म्हणजे आंधळेपणा नव्हे. २००८ मध्येच भारतीय हॉकी महासंघ निलंबित झाला होता. दोष केवळ मैदानावर नव्हता. म्हणून पाठीराख्याने खेळाडूंविषयी धीर धरावा, कारभाऱ्यांकडून मात्र हिशेब मागावा. हरणाऱ्या संघाचे सामने पाहत राहणाऱ्यालाच तो मागण्याचा खरा अधिकार पोचतो.