चित्राशेजारी मोजपट्टी हवी!

इतिहासाच्या पुस्तकात सिंधू संस्कृतीचे प्रकरण आले की एक चित्र हमखास भेटते. उजवा हात कमरेवर, डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत बांगड्यांनी भरलेला, मान किंचित मागे टाकलेली अशी ती मोहेंजोदडोची नर्तकी. तुम्ही सर्वांनी ती पाहिलेली आहे. आता पुस्तक मिटा आणि ती मूर्ती केवढी उंच असेल ते दोन्ही हातांमध्ये अंतर ठेवून दाखवा.

हा प्रश्न मी महाविद्यालयातील वर्गातही विचारतो. बहुतेकांचे हात हातभर तरी लांब जातात. कोणी आपल्या कमरेएवढी उंची दाखवतो, तर कोणी आपल्याएवढी. प्रत्यक्षात ती मूर्ती फक्त १०.५ से. मी. उंच आहे! पोस्टकार्डावर उभी आडवी ठेवली तर वर तीन-साडेतीन से. मी. जागा शिल्लक राहील. १९२६ साली मोहेंजोदडोच्या उत्खननात मिळालेली ही ब्राँझची मूर्ती आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ज्या वस्तूचे चित्र आपण वर्षानुवर्षे पाहतो, तिचा आकार आपल्याला ठाऊक नसतो. यात दोष विद्यार्थ्यांचा नाही, चित्र छापणाऱ्यांचा आहे. चित्राशेजारी मापच दिलेले नसेल, तर ते कळणार कसे?

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. संग्रहालयातील वस्तूचे चित्र जिथे जिथे छापले जाईल, मग ते पाठ्यपुस्तक असो, मासिक असो की भिंतीवरचा तक्ता, तिथे चित्राशेजारी मोजपट्टी असलीच पाहिजे. नकाशाला प्रमाण नसेल तर भूगोलाचे शिक्षक गुण कापतात. मग इतिहासाच्या चित्राला ही सूट का?

कोणी म्हणेल, “मूर्ती लहान की मोठी, त्याने काय बिघडते? तिचे सौंदर्य तर तेच!” सौंदर्यापुरते ते खरे असेलही. पण ती मूर्ती म्हणजे त्या काळच्या धातुकामाचा पुरावादेखील आहे, आणि पुराव्याच्या बाबतीत आकाराने फार बिघडते. कसे ते पाहू.

समजा, ही नर्तकी खरोखरच एखाद्या मुलीएवढी, म्हणजे १५७.५ से. मी. उंच असती. उंची १५ पट झाली. रुंदी आणि जाडीही १५ पट झाली. म्हणजे मूर्तीला धातू किती लागला असता? १५ पट नव्हे, तर १५ × १५ × १५, म्हणजे ३,३७५ पट! त्याच वेळी मूर्तीचा पृष्ठभाग मात्र २२५ पटच वाढला असता. ओतलेल्या धातूतील उष्णता त्याच्या घनफळावर अवलंबून असते आणि ती बाहेर पडते पृष्ठभागातून. म्हणून भरीव मूर्ती जितकी मोठी, तितका तिचा आतला भाग उशिरा थिजतो. थिजताना धातू आकसतो आणि आत पोकळ्या राहतात, भेगा पडतात. याच कारणाने मोठ्या मूर्ती पुष्कळदा पोकळ ओततात. तेव्हा १०.५ से. मी.ची भरीव मूर्ती ओतण्यासाठी एक लहानशी मूस आणि एक भट्टी पुरते, पण माणसाएवढी मूर्ती ओतायची तर कित्येक भट्ट्या, पुष्कळ माणसे आणि निराळेच तंत्र लागते. चित्रात आकार चुकला की त्या कारागिरांविषयीची आपली सारी कल्पनाच चुकते.

नर्तकीची मूर्ती मेणाच्या पद्धतीने ओतलेली आहे. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचा लेप द्यायचा, तापवून मेण काढून टाकायचे आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात या पद्धतीचे वर्णन आहे. मेण आधी तोलावे आणि त्यावरून धातूचे वजन ठरवावे असे तो सांगतो. हे घनतेचे गणित आहे. मेणाची घनता पाण्याहून थोडी कमी, तर ब्राँझची पाण्याच्या जवळजवळ नऊपट. म्हणजे जेवढे मेण, त्याच्या सुमारे नऊपट धातू. ज्या मूर्तिकारांनी मेण तोलूनमापून काम केले, त्यांच्या मूर्तींची मापे आपण छापू नयेत, हे बरे दिसते का?

आता महाराष्ट्रातील उदाहरण घ्या. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद हे प्राचीन वसाहतीचे ठिकाण आहे. तेथे १९७४ साली एका शेतकऱ्याला खणताना चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या : बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. रथ ४५ से. मी. लांब आहे आणि चारही वस्तूंचे एकत्रित वजन ६० किलोग्रॅमहून अधिक भरते. नर्तकी आणि दायमाबादचा रथ यांची चित्रे एकाच पानावर पाच-पाच से. मी.ची छापली, तर वाचणाऱ्याला दोन्ही खेळणी सारखीच वाटतील. मापे दिली की लगेच प्रश्न उभा राहतो : एवढा धातू या लोकांनी आणला कोठून आणि वितळवला कसा? मोजपट्टीचे खरे काम हेच आहे. ती प्रश्न विचारायला लावते.

दायमाबादच्या वस्तू आणखी एक गोष्ट शिकवतात. त्या शास्त्रशुद्ध उत्खननात, मातीच्या विशिष्ट थरात मिळालेल्या नाहीत. त्यामुळे त्यांच्या काळाविषयी तज्ज्ञांत वाद झाला. काहींनी त्या सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळातील मानल्या. डी. पी. अगरवाल यांनी रासायनिक विश्लेषणाकडे बोट दाखवले. या वस्तूंत एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक आहे आणि त्या ताम्रपाषाणयुगातील इतर वस्तूंत असा मिश्रधातू आढळत नाही, तेव्हा त्या नंतरच्या असाव्यात असे त्यांचे मत पडले. वस्तू थरात मिळाली असती तर हा वाद बराचसा टळला असता. म्हणून चित्राखाली मापाबरोबरच ‘कोठे आणि कशी सापडली’ हेही दोन-चार शब्दांत हवे.

तिसरी गोष्ट मुद्रांची. योगासनात बसलेली आकृती असलेली आणि ‘पशुपती’ या नावाने ओळखली जाणारी मोहेंजोदडोची मुद्राही राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्यावर हत्ती, वाघ, गेंडा, रेडा आणि वर अक्षरांची ओळ असे सारे कोरलेले आहे. पुस्तकातील चित्र पाहून ती पाटीएवढी वाटते. प्रत्यक्षात ती सुमारे साडेतीन से. मी. लांबी-रुंदीची आहे, म्हणजे काड्यापेटीहूनही लहान. एवढ्या जागेत हे कोरीवकाम करणाऱ्याची नजर आणि हात किती तयार असतील याचा विचार करा! असल्या मुद्रांचा दगड नखाने ओरखडा उठेल इतका मऊ असतो. कोरून झाल्यावर भाजला की तो कठीण होतो. कारागिराने दगडाचा हा गुण नेमका हेरला होता.

मुद्रेच्या चित्रात आणखी दोन फसवणुकी दडलेल्या असतात. मुद्रा ही ठसा उमटवण्यासाठी कोरतात. त्यामुळे मुद्रा आणि तिचा ठसा यांत डावे-उजवे उलटते, आरशात उलटते तसे. पुस्तकात कधी मुद्रेचे छायाचित्र असते, तर कधी तिच्या ठशाचे, आणि खाली दोन्ही वेळा ‘मुद्रा’ एवढेच लिहिलेले असते. लिपी कोणत्या बाजूने वाचायची हा जिथे संशोधनाचा विषय आहे, तिथे हा निष्काळजीपणा कसा चालेल?

दुसरी फसवणूक प्रकाशाची. खोलगट आणि उंचवटा यांतील फरक छायाचित्रात केवळ सावलीवरून कळतो, आणि प्रकाश वरून येतो असे आपला मेंदू गृहीत धरतो. हा प्रयोग घरी करून पाहा. मळलेल्या कणकेत नाणे दाबून ठसा उमटवा. खिडकीच्या तिरप्या उजेडात त्याचे छायाचित्र घ्या आणि ते उलटसुलट फिरवून पाहा. एका स्थितीत ठसा खोल दिसेल, दुसऱ्या स्थितीत बहुतेकांना तो फुगीर दिसू लागेल. म्हणून मुद्रेचे चित्र छापताना प्रकाश कोणत्या बाजूने होता हे एका बारीक बाणाने दाखवले तर फार काम होईल.

यावर प्रकाशक म्हणतील, “जागा कोठे आहे?” पण एका से. मी.च्या रेघेला जागा ती किती लागणार! उत्खनन करणारे संशोधक छायाचित्र घेताना वस्तूशेजारी पट्टेरी मापकाठी आवर्जून ठेवतात. पुस्तकात येईपर्यंत ‘शोभत नाही’ म्हणून ती बहुधा कापली जाते. जे आहे ते कापू नका, एवढेच मागणे आहे.

कोणी म्हणेल, “चित्राखाली ‘प्रमाण १ : २’ असे लिहिले म्हणजे झाले.” तेवढ्याने भागत नाही. तेच चित्र झेरॉक्स करताना लहान झाले किंवा पडद्यावर मोठे केले की छापलेले प्रमाण खोटे ठरते. रेघेचे तसे नाही. चित्राबरोबर रेघही लहान-मोठी होते, आणि तिच्यावर लिहिलेले ‘३ से. मी.’ खरेच राहते. आजच्या काळात याला फार महत्त्व आहे. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने तयार केलेल्या प्रणालीच्या साहाय्याने राष्ट्रीय संग्रहालयासह देशातील काही संग्रहालयांच्या वस्तूंची चित्रे आणि नोंदी महाजालावर पाहता येतात. ही मोठीच सोय आहे. दिल्लीला जाणे प्रत्येकाला कोठे शक्य असते? पण मोबाईलच्या पडद्यावर हत्ती आणि मुंगी एकाच आकाराचे होतात. नर्तकी बोटांनी ताणली की पडदाभर होते. म्हणून अशी नोंद उघडली की चित्र पाहून लगेच पुढे सरकू नका. खाली दिलेली मापे वाचा आणि आपल्या पट्टीवर तेवढे अंतर डोळ्यांनी पाहा.

शेवटची गोष्ट सर्वांत गंभीर आहे. वस्तूंची नीट नोंद नसली की त्या हरवल्याचेही कळत नाही. तमिळनाडूतील श्रीपुरंदन येथील देवळातून चोरीला गेलेली नटराजाची मूर्ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयापर्यंत पोहोचली होती. ती २०१४ साली भारताला परत मिळाली. पुदुच्चेरी येथील फ्रेंच संस्थेच्या संग्रहात त्या देवळातील मूर्तीची जुनी छायाचित्रे होती, म्हणून ही तीच मूर्ती असे दाखवता आले. कोणा अभ्यासकाने कंटाळा न करता नोंद ठेवली, म्हणून देशाचा ठेवा देशात आला. चोरीला गेलेल्या कलावस्तू ओळखण्यासाठी जी आंतरराष्ट्रीय नोंदपद्धती वापरतात, तिच्यातही छायाचित्राइतकेच महत्त्व मापांना आहे.

मग तुम्ही काय करायचे? आपले इतिहासाचे पुस्तक घ्या. नर्तकीच्या चित्राची उंची मोजा. समजा, ती ७ से. मी. भरली. मूळ मूर्ती १०.५ से. मी. म्हणजे चित्र मूळच्या दोन-तृतीयांश आहे. तेव्हा चित्राशेजारी पेन्सिलीने २ से. मी.ची रेघ ओढा आणि तिच्यावर ‘३ से. मी.’ असे लिहा. झाली मोजपट्टी तयार! असेच पशुपतीच्या मुद्रेचे करा. मग गावातील देवळाच्या आवारात एखादा वीरगळ उभा असेल, तर त्याच्याकडे वळा. त्याला न हलवता, न खरवडता, शेजारी फूटपट्टी धरून छायाचित्र घ्या. लांबी, रुंदी, जागा आणि तारीख वहीत टिपून ठेवा आणि ती वही शाळेत जपून ठेवा.

सिंधू संस्कृतीतील लोक मापाच्या बाबतीत फार काटेकोर होते. त्यांची दगडी वजने एकाच्या दुप्पट दुसरे अशा श्रेणीत, १, २, ४, ८, १६, ३२, ६४ या क्रमाने वाढत जातात, आणि त्यांतील सोळाचे वजन सुमारे १३.७ ग्रॅम भरते. लोथल येथे मिळालेल्या हस्तिदंती पट्टीवरील रेघांमधील अंतर सुमारे १.७ मि. मी. आहे. म्हणजे मोजपट्टी त्यांच्याकडेही होती. त्यांच्या वस्तूंची चित्रे छापताना आपण ती विसरू नये, ही पाठ्यपुस्तके करणाऱ्यांना, मासिकांच्या संपादकांना आणि अर्थात या मासिकालाही माझी विनंती आहे.