थंडीने सुजलेली बोटे आणि मनातली धास्ती

बँकेत, रेल्वेत किंवा केंद्र सरकारच्या एखाद्या कार्यालयात बदली होऊन लखनौला गेलेल्या मराठी कुटुंबांना पहिला धक्का बसतो तो तिथल्या जानेवारीचा. मुंबईच्या माणसाला थंडी ठाऊक असते ती पहाटे पांघरूण ओढून घेण्यापुरती. लखनौत रात्रीचा पारा ७-८ अंशांवर, कधी त्याच्याही खाली येतो. धुके पडले की दुपारीसुद्धा ऊन दिसत नाही. गोमतीपलीकडच्या महानगर वस्तीतील घर असो की आणखी कुठले, संगमरवरी फरशी पायाला चटका देते आणि गच्चीवरच्या टाकीतले पाणी हाताला चावते. त्याच पाण्यात भांडी, भाजी, कपडे!

महानगरमध्ये राहणाऱ्या, मूळच्या ठाण्याच्या एका भगिनीला दुसऱ्याच हिवाळ्यात याचा त्रास झाला. पायाची दोन बोटे लालसर-जांभळी होऊन सुजली. रात्री रजईत पाय गरम झाले की खाज आणि आग सुरू व्हायची. आधी त्यांना वाटले, चिखल्या झाल्या असतील. पण चिखल्या बोटांच्या बेचक्यात होतात, इथे तर बोटांच्या वरच्या बाजूला डाग होते. मग हाताच्या करंगळीवरही तसाच डाग उठला आणि मनात शंकेने घर केले. मधुमेहामुळे सासूबाईंच्या पायाचे बोट काढावे लागले होते, ते दृश्य त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. दिवसातून दहा वेळा मोजे काढून पाहणे, फोटो काढून बहिणीला पाठवणे, रात्री नवऱ्याला उठवून "अहो, हे काळं पडतंय का हो?" असे विचारणे सुरू झाले. तीन आठवड्यांत तीन डॉक्टर झाले. साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळे व्यवस्थित निघाले. तरी प्रत्येक रिपोर्टचे समाधान दोन दिवसच टिकायचे.

या त्रासाला डॉक्टर चिलब्लेन म्हणतात. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही, ओलसर थंडी पुरेशी असते. थंडीने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. मग आपण एकदम शेकायला बसलो की त्या झपाट्याने फुगतात, आतला द्रव आजूबाजूच्या त्वचेत झिरपतो आणि सूज, खाज, आग होते. स्त्रियांत, सडपातळ अंगाच्या माणसांत आणि धूम्रपान करणाऱ्यांत हे अधिक दिसते. थंडीपासून जपले तर बहुतेकदा दोन-तीन आठवड्यांत आपोआप बरे होते. बोटे आधी पांढरीफटक, मग निळी आणि शेवटी लाल होत असतील तर तो थोडा वेगळा प्रकार. फ्रेंच डॉक्टर मॉरिस रेनो यांनी १८६२ मध्ये त्याचे वर्णन केले आणि त्यांचेच नाव त्याला पडले.

उपाय साधे आहेत, पण नेमके तेच आपण उलटे करतो. अंगिठीवर किंवा हीटरसमोर हात धरणे, कढत पाण्यात पाय बुडवणे टाळा. बोटे हळूहळू गरम होऊ द्या. (बंद खोलीत कोळशाची अंगिठी ठेवून झोपणे तर जिवावर बेतते.) घरातही मोजे आणि बंद चप्पल घाला, मोजे ओले झाले की लगेच बदला. भांडी घासताना रबरी हातमोजे वापरा. आणि केवळ हातपाय झाकून भागत नाही. कान, छाती, कंबर उघडी राहिली की शरीर आतली ऊब राखण्यासाठी बोटांकडचा रक्तपुरवठा कमी करते. सरसोंचे तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही, खसाखसा चोळू मात्र नका. दुकानदाराने दिलेली स्टेरॉइडमिश्रित ट्यूब मनाने लावू नका. त्रास दरवर्षी होत असेल तर रक्तवाहिन्या सैलावणारी गोळी डॉक्टर देऊ शकतात.

बोटावर जखम किंवा पू झाला, कातडी काळी पडू लागली, एकच पाय अचानक थंड पडून दुखू लागला, चालताना पोटरीत गोळे येऊ लागले, तर वाट पाहू नका. मधुमेही व्यक्तीने आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याने तर मुळीच नको. डाग उन्हाळ्यातही राहिले किंवा सोबत सांधेदुखी, तोंडात फोड, गालांवर लाली असेल तरी तपासणी हवी.

आता धास्तीविषयी. भीतीने शरीरात अ‍ॅड्रिनलिन वाढते आणि तेही बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसवते. म्हणजे बोटे थंड का, या काळजीनेच बोटे आणखी थंड होतात! २०२० नंतर घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरने यात भरच घातली आहे. गार बोटावर ते यंत्र पुष्कळदा खोटा, कमी आकडा दाखवते, आणि तो पाहून मध्यरात्री अवघे घर जागे होते. त्याच वर्षी करोनामुळे पायाची बोटे सुजतात अशा बातम्या आल्या होत्या. त्यांची कात्रणे मोबाइलवर अजून फिरतात.

या भगिनीला चौथ्या डॉक्टरांनी नवी तपासणी लिहून दिली नाही. बोटे आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी उजेडात पाहायची आणि वहीत दोन ओळी लिहायच्या, असे सांगितले. मध्ये पाहावेसे वाटलेच तर निदान अर्धा तास थांबायचे. डॉक्टर एकच ठेवायचे. यजमानांनाही काम दिले: "काही झालेलं नाही" असे दहादा म्हणायचे नाही, फक्त "रविवारी बघू" एवढेच म्हणायचे. पहिला आठवडा कठीण गेला, चिडचिड झाली, एकदा रडूही आले. तिसऱ्या रविवारी वहीत सूज कमी झाल्याची नोंद झाली. डाग दोन आठवडे आणखी राहिले, पण झोप त्याआधीच परत आली होती.

एवढ्याने भागत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात संकोच नको. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात त्वचारोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग आहेत. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ असून बोलण्यासाठी पैसे पडत नाहीत.

आणखी एक. छातीतली धडधड किंवा रक्तदाब कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्यांनी काहींचे हातपाय अधिकच गार पडतात. घाबरण्यावर म्हणून तुम्हाला अशी गोळी सुरू असेल तर ती मनाने बंद करू नका, पण हिवाळ्यात बोटे सुजतात हे डॉक्टरांना जरूर सांगा.