पायरीचा दगड

काळाराम मंदिराच्या दाराशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला २ मार्च १९३० ही तारीख बहुधा ठाऊक असते. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला सत्याग्रह त्याने इतिहासात वाचलेला असतो. परंतु मंदिराचा तो काळा पाषाण कोणता, असे विचारल्यास तो गोंधळतो. अग्निजन्य खडकावरील प्रश्नाला याच विद्यार्थ्याने पूर्ण गुण मिळविलेले असतात. उत्तरात उदाहरण म्हणून त्याने बसॉल्ट लिहिलेला असतो, आणि आता तो बसॉल्टच्याच पायऱ्या उतरत असतो!

दोष त्याचा नव्हे. ज्वालामुखी म्हटला की पाठ्यपुस्तकाला व्हेसुव्हियस आठवतो. वस्तुतः सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याच्या थरांवरच नाशिक वसले आहे. अंजनेरी किंवा ब्रह्मगिरीकडे दुरून पाहावे. कडा, मग सपाटी, पुन्हा कडा, अशा पायऱ्या दिसतात. कठीण थर तग धरतो, मऊ थर झिजतो, एवढाच त्याचा अर्थ. सातवाहनकालीन पाथरवटांना दगडाची ही जात पुस्तकाविना कळत असली पाहिजे. पांडवलेणी डोंगराच्या साधारण एकाच पातळीवर रांगेने कोरलेली आहेत. लाव्ह्यातील वायूच्या बुडबुड्यांनी मागे ठेवलेल्या पोकळ्यांत पुढे झिओलाइटचे स्फटिक वाढले. नाशिक परिसरातील हे स्फटिक परदेशी संग्राहक हौसेने जमवितात. येथल्या मुलांना मात्र ते पाहण्यासाठी सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात न्यावे लागते, आणि नेणारे थोडे.

हे अज्ञान निरुपद्रवी असते तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. विहीर खणणारा मजूर आधी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि शेवटी काळा पाषाण अशी उतरण बोटांवर मोजून दाखवितो. पाणी मुरमात व खडकाच्या भेगांत साठते, अखंड पाषाणात नाही, हे त्याला पक्के माहीत असते. टेकडी फोडण्याचा परवाना लिहिणाऱ्या लेखणीला ते माहीत असतेच असे नाही. खडी व मुरूम ब्रासच्या भावाने विकले जातात, स्वामित्वधन सरकारजमा होते आणि व्यवहार पुरा झाला असे मानले जाते. उतारावरचा मुरूम गेल्यामुळे पायथ्याची विहीर किती लवकर आटली, हा रकाना त्या वहीत नाही. ज्याची किंमत मांडली जात नाही ती वस्तू फुकट समजून उधळली जाते, हे अर्थशास्त्राचे पहिल्या वर्षाचे विद्यार्थीही सांगतील. २०२१ साली खुद्द ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी खोदकाम झाले, तेव्हा गोदावरीच्या उगमाचे काय, म्हणून ओरड झाली. रामकुंडाच्या परिसरात नदीच्या तळाशी काँक्रीट ओतले गेले. ते काढावे म्हणून नागरिकांना न्यायालयात जावे लागले. नदीचा तळ ही नुसती फरशी नव्हे, त्यातून पाणी वर येते व खाली मुरते, एवढे शाळेत शिकविले गेले असते तर ही वेळ कदाचित आली नसती.

यासाठी नवा अभ्यासक्रम नको, अनुदानही नको. शहरात इमारतींचे पाये रोज खणले जात आहेत. असा खड्डा भरला जाण्यापूर्वी काही दिवस उघडा असतो आणि त्याच्या भिंतीत माती, मुरूम व पाषाण एकाखाली एक स्पष्ट दिसतात. मालकाची परवानगी काढून, मुलांना काठापासून हातभर मागे उभे करून, भूगोलाचा एक तास तेथे घेता येतो.