लोखंडाची आरती, कापडाला कसर

आपल्याकडे इतिहास म्हणजे लोखंड. तलवार, तोफ, भाला, चिलखत! जे टोचते, कापते किंवा उडते तेवढे ऐतिहासिक. बाकी सारा अडगळीचा माल. 2024 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली. आधी साताऱ्याला, मग 2025 साली नागपूरला. त्यांचे कौतुक झाले, ते योग्यच झाले. माझे भांडण वाघनखांशी नाही. ज्या डोळ्यांना लोखंड दिसते आणि माणसाच्या अंगावरचे कापड दिसत नाही, त्या डोळ्यांशी आहे.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे या. सिरोंच्याजवळ वडधमला झाडांचे दगड झालेले आहेत. ते कोट्यवधी वर्षे थांबले, आणखीही थांबतील. कोशाचे लुगडे थांबणार नाही. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवरांनी पाखरे हाकलीत किडे राखायचे, बायकांनी मांडीवर सूत वळायचे, नागभीडच्या विणकरांनी करवतकाठी विणायची. या माणसांनी ताम्रपट कोरले नाहीत की बखरी लिहिल्या नाहीत. त्यांचा सारा दस्तऐवज त्या नऊ वारांत आहे. 1936 साली सावलीला गांधी सेवा संघाची बैठक भरली आणि गांधीजी तेथे आले. त्या काळी आमच्या मुलखात कातलेली खादी आज कोणाच्या ट्रंकेत कुजते आहे, याची कधी कोणी चौकशी केली?

‘‘आम्ही जपतो की!’’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. जपतात म्हणजे काय करतात? प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट कोंबतात, वर चार डांबरगोळ्या टाकतात, फाटले तर चिकटपट्टी लावतात. संस्था असेल तर काचेच्या कपाटात टांगून वर दिवसभर दिवा जाळतात. हे जपणे नव्हे, हा सावकाश केलेला खून आहे! रसायनशास्त्रात माझी मजल मॅट्रिकपुढे गेली नाही. पण एवढे कळायला तेवढी पुरते. उजेडाने रेशमाचा धागा तुटतो आणि ही झीज कधी भरून निघत नाही. म्हणून जाणती संग्रहालये अशा कापडावर 50 लक्सपेक्षा अधिक उजेड पडू देत नाहीत. पीव्हीसीची पिशवी जुनी झाली की चिकट होते, कुजू लागली की आम्लाची वाफ सोडते. हवेतल्या गंधकाने जरीची चांदी काळवंडते. उष्णता दहा अंशांनी वाढली की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 ओलांडतो. म्हणजे 15 अंशांच्या थंड कोठीपेक्षा आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत झीज आठपट! हे गणित चौथीतले पोरही करील.

प्लास्टिक अमर असते, ही दुसरी अंधश्रद्धा. ते नाल्यातून जात नाही, हे खरे. पण संग्रहालयात राहत नाही, हेही तितकेच खरे. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रिक आम्लाने बदललेला कापूस आणि त्यात कापूर. आरतीच्या तबकातलीच जोडी! त्याच्याच फण्या, बाहुल्या आणि चित्रपटांच्या जुन्या फिती. 8 जानेवारी 2003 रोजी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट फितींची हजारो रिळे खाक झाली. वस्तू कशाची आहे हे आधी ओळखावे लागते. त्यासाठी अवरक्त किरणांचे यंत्र आहे. किरण पडला की प्रत्येक प्लास्टिक आपली जात सांगते. मग कोणते थंडीत ठेवायचे, कोणते इतरांपासून दूर, हे ठरते.

आता कोणी म्हणेल, ‘‘जंगलात माणसे मलेरियाने मरतात आणि मास्तरांना चिंध्यांची चिंता!’’ औषध आधी, हे मलाही समजते. मी दवाखान्याचा पैसा मागत नाही. पुतळ्यांच्या चौथऱ्यांवर जातो त्यातला मागतो. लखनौला 1976 पासून राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आहे. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे. पण गडचिरोलीची म्हातारी आपले लुगडे घेऊन लखनौला जाणार आहे काय? जिल्ह्याच्या ठिकाणी जाड भिंतींची एक अंधारी खोली द्या, उष्णता आणि ओल मोजणारे यंत्र द्या, एक शिकलेला माणूस द्या. आमच्या महाविद्यालयांत रसायनशास्त्राची मुले आहेत; त्यांना गावोगाव पाठवून नोंदी करू द्या. लुगडे कोणी विणले, कोणी नेसले, तेही लिहू द्या. कारण नाव हरवलेले कापड निम्मे मेलेलेच असते.

आणि वाचकहो, सरकार हलेल तेव्हा हलेल. या दिवाळीत आजीचा शालू बाहेर निघेलच. तो प्लास्टिकमधून काढा, धुतलेल्या कोऱ्या मलमलीत गुंडाळा, घडी न घालता नळीवर लपेटा आणि सावलीत ठेवा. त्याआधी आजीला विचारा, हा कोठला, कोणी आणला, कधी नेसलीस. तिचे उत्तर लिहून त्या मलमलीत ठेवा. लोखंडाला सांभाळायला पहारेकरी पुष्कळ आहेत. कापडाला तुमच्यावाचून कोणी नाही.