बाळंतपणाला निघालेल्या आजीचे सहा महिने

मुलीचे पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मध्यमवर्गात या रीतीने उलटी वाट धरली आहे. मुलगी माहेरी येत नाही, माहेरच विमानात बसून तिच्याकडे जाते. कोथरूड, पार्ले, नाशिक, नागपूर आणि आता तालुक्याच्या गावांतूनही अशी बाई शोधावी लागत नाही. डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशेपा आणि जुन्या साड्यांची मऊ दुपटी बॅगेत भरून ती न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियाला सहा महिने राहून आलेली असते. कित्येकींच्या दोन-तीन खेपा झाल्या आहेत. काही जणी मुलाने ग्रीन कार्ड करून घेतल्यावर तिकडच्याच झाल्या.

या बायकांविषयी आपण चळवळीत फारसे बोललो नाही. सुखवस्तू घरांतला मामला, आपल्यापुढे याहून जळते प्रश्न आहेत, असे म्हणून तो बाजूला राहिला. बाकी मराठीत त्यांच्याविषयी जे छापून येते ते नायगारा, स्वच्छ रस्ते आणि नातवाचे पहिले पाऊल यांच्याविषयी. माझे म्हणणे असे, की हे सहा महिने म्हणजे बाईचे बिनपगारी काम आहे आणि तिच्या आरोग्याचा प्रश्न आहे. त्याकडे आपण तसेच पाहायला हवे. या बायका आपल्याच गटांतल्या आहेत. सहा महिने बैठकीला येत नाहीत आणि परत येतात तेव्हा गुडघा धरून येतात.

आजीला बोलावतात कशाला? प्रेम आहेच, त्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण प्रेमाच्या खाली एक हिशेब आहे आणि तो अमेरिकेच्या कायद्यात लिहिलेला आहे. तिथे देशभर लागू असलेली भरपगारी बाळंतपणाची रजा नाही. १९९३ साली जो कायदा झाला त्याने बारा आठवड्यांची रजा दिली, तीही बिनपगारी, आणि पन्नासाहून कमी माणसे असलेल्या खाजगी कंपनीला तो लागूच नाही. कॅलिफोर्नियाने २००४ पासून, न्यू जर्सीने २००९ पासून आपापल्या पुरती काही सोय केली. पुष्कळ राज्यांत तेवढेही नाही. बाळंत बाईला रुग्णालयात निदान अठ्ठेचाळीस तास, सिझेरियन असेल तर शहाण्णव तास राहू देण्याचा खर्च विमा कंपनीने नाकारू नये, यासाठीसुद्धा १९९६ साली वेगळा कायदा करावा लागला. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीने ही रजा सव्वीस आठवड्यांची झाली. ती शेतमजूर बाईला आणि बांधकामावरच्या बाईला मिळत नाही हे आपण सगळ्या जाणतो, पण निदान कागदावर ती आहे. तिथल्या मोठ्या शहरात तान्ह्या बाळाच्या पाळणाघराला महिना दीड-दोन हजार डॉलर सहज लागतात. मग आधी आईचे सहा महिने, ती निघाली की सासूचे सहा महिने, अशी पाळी लावली की बाळ वर्षाचे होते. त्या देशाच्या सरकारने आणि कंपन्यांनी जो खर्च उचलायचा, तो सांगली-साताऱ्याची बाई आपल्या कमरेवर उचलते.

अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी २००० साली या प्रकाराला जगभर पसरलेली काळजीची साखळी असे नाव दिले. गरीब देशातली बाई आपले मूल मागे ठेवून श्रीमंत देशातले मूल सांभाळायला जाते, आणि तिचे मूल तिसरीच कोणी सांभाळते. आपली आजी त्या साखळीतली फार सोयीची कडी आहे. तिला पगार द्यावा लागत नाही, आणि मागे राहिलेले घर ती आपल्या मोलकरणीच्या भरवशावर टाकून आलेली असते. ही बाई नोकरी करत होती तेव्हा तिच्याही मागे एक मोलकरीण उभी होती. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला तेव्हा याच घरांतून किती कुरकूर झाली होती! आता परदेशी गेल्यावर त्याच घरातल्या बाईला स्वतःला आठवड्याची सुट्टी नाही. आणि ती मागायची कोणाकडे?

व्हिसाच्या कागदावर ती पाहुणी असते. विमानतळावरचा अधिकारी बहुधा सहा महिन्यांचा मुक्काम मंजूर करतो. घरात गेल्यावर तिसऱ्या दिवसापासून तिचे पाहुणेपण संपते. सकाळचा डबा, बाळाची आंघोळ, मालीश, बाळंतिणीचे खाणे, मोठे नातवंड असेल तर त्याची बस, दुपारी कपड्यांच्या घड्या, संध्याकाळचा स्वयंपाक आणि रात्री एकदा तरी उठणे. सोबत आजोबा असतात. ते सकाळी फिरून येतात, संगणकावर मराठी वर्तमानपत्रे वाचतात, ग्रंथालयात जातात, आणि बाळ हसत असेल तेव्हा त्याला घेतात. सगळे आजोबा असे नसतात हे मान्य, पण अपवाद दाखवायला बोटे पुरतात. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, करणाऱ्या पुरुषांची ८८. विमानात बसल्याने हे प्रमाण बदलत नाही. उलट भांडीवाली आणि पोळीवाली तिथे नसल्यामुळे बाईच्या बाजूची मिनिटे वाढतात.

आता शरीराकडे येऊ. इथे या बाईची प्रकृती कशावर टिकून होती? तिने कधी व्यायामशाळा पाहिलेली नसते. पण मंडईपर्यंत चालत जाणे, बसच्या थांब्यावर उभे राहणे, भिशी, भजनी मंडळ, सकाळचा योगाचा वर्ग, जिन्यात भेटणाऱ्या चार बायका या सगळ्यातून दिवसाला तास-दीड तास ती चालत होती आणि तेवढाच वेळ बोलत होती. याला तिने कधी व्यायाम म्हटले नाही आणि मन रमवणेही म्हटले नाही. अमेरिकेच्या उपनगरात यातले सगळे एका फटक्यात जाते. कित्येक ठिकाणी पदपथच नसतो. दुकान तीन मैलांवर, गाडीशिवाय जाता येत नाही, आणि गाडी मुलगी, जावई किंवा मुलगा चालवणार, तेही शनिवारी. हिवाळ्यात साडेचारला अंधार, आणि रस्त्यावर डोळ्यांना न दिसणारा पातळ बर्फ. साठीच्या बाईने त्यावर घसरून खुबा मोडून घेणे म्हणजे काय, हे सांगायला नको. सावळ्या कातडीला ड जीवनसत्त्वासाठी गोऱ्या कातडीपेक्षा अधिक ऊन लागते, आणि ही तर चार महिने काचेआड बसलेली. वर रोज पायावर बाळाला आंघोळ घालण्याऐवजी टबाच्या काठावर वाकून घालायची. कंबर तिथेच जाते. (ओव्याची धुरी द्यायला गेले की छतावरचा धुराचा भोंगा वाजतो, हा अनुभव बहुतेकींनी हसत सांगितला. त्यामुळे शेक-शेगडीचा निम्मा कार्यक्रम आपोआपच रद्द होतो, आणि त्यात फार नुकसान आहे असे मला वाटत नाही.)

मुले वाईट नसतात. आईचे वजन वाढले, साखर वाढली हे त्यांना दिसते. मग ती तिच्या मनगटाला पावले मोजणारे घड्याळ बांधतात आणि घरातल्या घरात चालायला सांगतात. मी अशी एक बाई पाहिली आहे जी बाळाला खांद्यावर टाकून स्वयंपाकघर ते दिवाणखाना अशा फेऱ्या मारून रात्रीपर्यंत आठ हजार पावले पुरी करत असे, आणि त्याबद्दल तिची शाबासकी होत असे. ती पावले कामाची होती. आरोग्यासाठी चालणे म्हणजे हात मोकळे सोडून, आपल्या वेगाने, आपल्याला वाटेल तिकडे चालणे. त्यासाठी पहिल्यांदा एक तास लागतो ज्या तासात बाळ दुसऱ्या कोणाकडे असेल. तो तास न देता घड्याळ देणे म्हणजे तिच्या कामात आणखी एका कामाची भर घालणे. हिवाळ्यात तिथली वयस्क माणसे सकाळी मोठ्या मॉलमध्ये जाऊन आतल्या आत चालतात. सार्वजनिक ग्रंथालये फुकट असतात आणि पुष्कळ ठिकाणी तिथे नव्याने आलेल्यांसाठी इंग्रजी बोलण्याचे वर्ग चालतात. म्हणजे जागा आहेत. तिथपर्यंत नेऊन सोडणारा माणूस आणि मोकळा तास, एवढेच कमी आहे.

आजारपणाची गोष्ट याहून गंभीर आहे. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या छातीत तिथे असताना रात्री दुखू लागले. तिने दोन दिवस कोणाला सांगितले नाही. लेकीची रजा संपत आली होती, बाळाला ताप होता, आणि तिथे रुग्णालयात पाऊल ठेवले की हजारो डॉलरचे बिल येते हे तिने ऐकले होते. तिसऱ्या दिवशी तिला न्यावे लागले. ती वाचली, आता बरी आहे. पण तिने दोन दिवस जे केले ते मूर्खपणाने केलेले नाही. आपण इथे कामासाठी आलो आहोत, आजारी पडायला नाही, हा तिचा समज आसपासच्या सगळ्यांच्या वागण्यातून झालेला होता.

म्हणून काही गोष्टी प्रत्येक गटाने आपल्या बायकांना निघण्यापूर्वी सांगाव्यात. १९८६ च्या कायद्याप्रमाणे तिथल्या तातडीच्या विभागाने आलेल्या रोग्याला तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते, पैसे असोत की नसोत. बिल मात्र नंतर येते, म्हणून विमा हवा. विम्यात दोन जाती आहेत. एकात दर भेटीला ठरावीक रक्कमच मिळते, ती स्वस्त पडते आणि वेळेला फार अपुरी ठरते. दुसऱ्यात प्रत्यक्ष खर्चाचा मोठा भाग भरून मिळतो. मुलगा स्वस्तातला घेत असेल तर विचारायचे, लाजायचे नाही. रक्तदाब, मधुमेह असे जुने दुखणे बहुतेक विम्यांत वगळलेले असते, त्यामुळे ते आवाक्यात ठेवूनच निघायचे. औषधे सहा महिन्यांची, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट न्यायची, कारण इथली चिठ्ठी तिथल्या दुकानात चालत नाही. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव हवे, नुसते कंपनीचे नको. आपण ज्याला क्रोसिन म्हणतो, त्याला तिथे पॅरासिटामॉलसुद्धा म्हणत नाहीत, अ‍ॅसिटअमिनोफेन म्हणतात. विमानात दर दीड-दोन तासांनी उठून चालायचे, पोटऱ्या हलवायच्या, नाहीतर पायातल्या नसांत गुठळी होण्याचा धोका असतो.

ज्या कायमच्या जातात त्यांनी तर आणखी नीट विचारून जावे. पासष्टीनंतरच्यांसाठी तिथे जो सरकारी विमा आहे, तो ज्यांनी तिथे नोकरी केलेली नाही अशा ग्रीन कार्डवाल्यांना पाच वर्षे सलग राहिल्याशिवाय विकतही मिळत नाही. गरिबांसाठीच्या सरकारी योजनेलाही १९९६ पासून बहुतेकांना पाच वर्षांची अट आहे. मधल्या काळातला खाजगी विमा कोण भरणार, हे इथला फ्लॅट विकण्याच्या आधी ठरवायला हवे. फ्लॅट विकून आलेला पैसा मुलाच्या घरात घातला आणि नंतर पटले नाही, अशा बाईला परत यायला दार उरत नाही. निदान बाईच्या नावाचे एक खाते आणि एक खोली इथे राहू द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

आणि एक गोष्ट, जी कोणी बोलत नाही. लेकीकडे गेलेल्या आईला कधी कधी असे दिसते की जावई हात उगारतो. लेक नवऱ्याच्या व्हिसावर असेल तर तिला बहुधा कमावण्याची परवानगी नसते, आणि आई तर पाहुणीच. दोघी एका घरात कोंडल्यासारख्या. पण न्यू जर्सीत मानवी ही संघटना १९८५ साली, न्यूयॉर्कमध्ये सखी १९८९ साली दक्षिण आशियाई बायकांनीच याच कामासाठी उभी केली. असे नाव-पत्ते आईच्या पाकिटात असायला हवेत, आणि ९११ हा आकडा व आपण राहतो त्या घराचा पत्ता तोंडपाठ. याची दुसरी बाजूही आहे. मुलाकडे गेलेली सासू जेव्हा सुनेला होणारी मारहाण पाहून स्वयंपाकघरात निघून जाते, तेव्हा तिलाही आपण हेच नंबर द्यायचे आहेत.

जाऊ नका, असे मी कोणाला सांगत नाही. बाळंतपणानंतर आई जवळ असणे याचे मोल मी जाणते. नुकत्याच बाळंत झालेल्या, परक्या गावात एकट्या पडलेल्या मुलीला त्या दिवसांत जी उदासी येते, तिला आईच्या हातचा वरणभात कधी कधी औषधासारखा लागू पडतो. पण जायच्या आधी बोलणे व्हावे. दिवसाचे किती तास माझे, रविवारी कोण स्वयंपाक करणार, जावई किती रजा घेणार, माझ्या हातात खर्चाला किती डॉलर, माझा पासपोर्ट माझ्याजवळ राहणार ना, हे प्रश्न लेकीला फोनवर विचारायला संकोच वाटतो. मुलीलाही बहुतेक वेळा विचारलेले आवडतेच. तिच्याही मनात ते असते.

तिकडच्या मराठी मंडळींनाही एक विचारायचे आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे, गावोगावी मंडळे आहेत, गणपती आणि नाटके थाटात होतात. त्यांतली बरीचशी माणसे आता त्या देशाची नागरिक आहेत, मत देतात. भरपगारी रजेचा कायदा व्हावा म्हणून तिथल्या स्त्री संघटना आणि कामगार संघटना कधीपासून झगडत आहेत. त्यांच्या बाजूने आपली मंडळे कधी बोलतील का?

आमच्या गटाने निघणाऱ्या बायकांसाठी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दोन तासांची बैठक ठेवायचे ठरवले आहे. जाऊन आलेल्या बायकाच बोलतील. विम्याचे कागद आणि औषधांच्या चिठ्ठ्या सोबत आणाव्यात. आजोबांनीही यावे. त्यांच्यासाठी कुकर लावणे, बाळाचे लंगोट बदलणे आणि भांडी धुण्याचे यंत्र भरणे, याची वेगळी बैठक शेजारच्या खोलीत होईल.