कुर्बानीची लेंडी गटारात का?

आपल्या घरांतून परस गेला, पण त्याच्याही आधी उकिरडा गेला. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरच्या आमच्या सुप्यात औद्योगिक वसाहत आली, मोकळ्या जागांचे प्लॉट पडले, अंगणात फरशी आली. त्याबद्दल तक्रार नाही, लोकांच्या हाताला काम मिळाले. पण कुंडीतल्या कढीपत्त्यासाठी शेणखताची पिशवी विकत आणायची आणि दारातल्या बोकडाच्या लेंड्या झाडून गटारात लोटायच्या, हा व्यवहार मला पटत नाही.

पारनेर तालुका पावसाला नेहमीच महाग. अशा हलक्या, कोरड्या जमिनीत खत टाकले तरच ओल टिकते, हे इथल्या बायकांना कुणी शिकवावे लागले नाही. दोन शेळ्या असल्या की त्यांच्या लेंड्या, चुलीची राख आणि पालापाचोळा उकिरड्यात जाई. उन्हाळ्यात तो उकरून अळूला, शेवग्याला, पुदिन्याला आणि मुसलमान घर असेल तर मेंदीच्या झाडाला घातला जाई. शेतातही तेच. ढवळपुरी भागातले धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे निघतात. वाटेतले शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात आणि बदल्यात धान्य किंवा पैसे देतात. खताची जात किंवा धर्म त्यात कुणी विचारत नाही.

आज मात्र खतालाही धर्म चिकटला आहे. गायीचे शेण म्हटले की पावित्र्य आणि बोकडाची लेंडी म्हटली की घाण! मातीचा हिशेब वेगळा आहे. शंभर किलो शेणखतात साधारण अर्धा किलो नत्र असते, तर शेळ्या-मेंढ्यांच्या खतात ते तीन किलोपर्यंत जाते. शिवाय शेण आता पूर्वीसारखे मिळतही नाही. पशुगणनेनुसार महाराष्ट्रात २०१२ साली सुमारे १ कोटी ५५ लाख गोवंशीय जनावरे होती, २०१९ मध्ये ती १ कोटी ४० लाखांवर आली. ट्रॅक्टर आला, चारा-पाणी महागले आणि २०१५ च्या कायद्यानंतर म्हातारा बैल विकणेही अवघड झाले.

आपल्यातही एक गैरसमज आहे. लेंडी, किंवा घरातल्या दखनीत मेंगनी, नापाक आहे म्हणून तिला हात लावायचा नाही, असे काही जण म्हणतात. हनफी फिकहनुसार ती नापाक आहे हे खरे, कपड्याला लागली तर धुवावी लागते. पण त्याच फिकहमध्ये शेणाची खरेदी-विक्री जायज आहे. बाराव्या शतकातल्या मर्गीनानींच्या 'हिदाया'त कारणही दिले आहे: लोक ते जमिनीत घालून पीक वाढवतात, म्हणून ते उपयोगी माल ठरते. त्याच शतकात सेव्हिलच्या इब्न अल-अव्वाम यांनी 'किताब अल-फिलाहा' लिहिले. माती आणि पाणी यांच्या बरोबरीने खतांना त्यांनी स्वतंत्र प्रकरण दिले. आपल्या विद्वानांनी ज्याला मोल दिले, ते आपण नालीत टाकतो.

बकरी ईदच्या दिवसांत दुर्गंधीच्या तक्रारी येतात. काही द्वेषातून येतात, पण सगळ्याच नाही. पावित्र्य हा ईमानाचा भाग मानणाऱ्या समाजाला गल्लीतल्या घाणीबद्दल कुणी दुसऱ्याने बोलावे लागू नये. आणि उपाय तर सोपा आहे.

दहा-पंधरा दिवस दारात बांधलेल्या बोकडाच्या लेंड्या रोज एका पोत्यात भराव्यात. कुर्बानीनंतर ओझडीतला अर्धवट पचलेला चारा त्यात मिसळावा. प्रत्येक थरावर सुका पाला आणि माती टाकावी, म्हणजे वास येत नाही, माश्या बसत नाहीत. रक्तासाठी दोन फूट खोल खड्डा घेऊन वर माती दाबावी, कुत्री उकरणार नाहीत. ज्यांच्याकडे जागा नाही, त्यांच्यासाठी मशिदीच्या जमातीने मिळून कुणा शेतकऱ्याच्या बांधावर एक खड्डा ठरवावा.

घाई मात्र नको. ताजी लेंडी उष्णता धरते, मुळे जळतात. कच्च्या खतात हुमणी होते आणि कच्ची खाल्ली जाणारी कोथिंबीर-पुदिना दूषित होऊ शकते. लेंडीचे कवच टणक असते, म्हणून ती फोडून ओली ठेवावी आणि तीन-चार महिने कुजू द्यावी. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. सध्या ती पावसाळ्याच्या तोंडावर येते, म्हणजे तेव्हाचा खड्डा मेथी-पालक लावायच्या वेळी तयार असतो.

मुसलमानाने लावलेल्या झाडाचे माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तर तो सदका ठरतो, अशा अर्थाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. कुर्बानीच्या गोश्ताचा वाटा आपण शेजारी देतोच. जे शेजारी गोश्त खात नाहीत, त्यांच्या कुंड्यांसाठी कुजलेल्या खताची एक पाटी द्यायला काय हरकत आहे?